एकविसाव्या पानावरच्या खुणा

माझं वाचनालय म्हणजे दोन खाकी पिशव्या आणि औरंगपुऱ्यातल्या एका देवळामागची खोली. दुपारी पुरुषमंडळी जेवून कचेरीला गेली की मी पिशव्या उचलायची, घरोघर पुस्तकं बदलायची आणि पाचच्या आत परत यायची. बायकांना वाचायला तेवढाच वेळ मिळायचा. पिशवीत वरच्या थराला संतचरित्रं, व्रतकथा आणि विणकामाची पुस्तकं असत, आणि त्यांच्याखाली केवडा माला.

केवडा माला पुण्याहून टपालानं यायची, महिन्याला एक प्रेमाची कादंबरी. प्रेमाची म्हणजे नुसती पत्रं लिहून उसासे टाकणारी नव्हे. नायक-नायिका खोलीत गेले की इतर पुस्तकांतले लेखक दाराबाहेर थांबून पुढच्या प्रकरणाला लागतात. केवडा मालेतला लेखक त्यांच्याबरोबर आत जायचा. लोक त्यांना चावट पुस्तकं म्हणत. मी कादंबऱ्या म्हणायची आणि अजूनही म्हणते.

आमच्याकडे एक पद्धत होती. सगळ्या पुस्तकांना एकाच रंगाचे पुठ्ठे, त्यामुळं कोणतं वाचलं आणि कोणतं राहिलं याचा बायकांना पत्ता लागेना. मग कुणीतरी सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं. पुस्तक वाचून झालं की एकविसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, आपली खूण करायची. पुढच्या वेळी हातात आलं की आधी ते पान उघडायचं. खूण दिसली की "हे झालंय बाई, दुसरं द्या." नाव कुणीच लिहीत नसे. कुणाची कुंकवाची टिकली, कुणाचे सुईचे दोन टाके, भडकल दरवाजाजवळच्या आबेदाची चंद्रकोर. कोणती खूण कुणाची हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं म्हणा, त्याला जेवणाशी मतलब.

एकोणीसशे सत्तर सालच्या माघात देवळाच्या पंचांचं पत्र आलं. खोली देवळाची होती, भाडं नाममात्र होतं, आणि पंचांचे मुख्य होते राजाबाजारातले नानासाहेब. पत्रात लिहिलं होतं की देवाच्या जागेत घाण साहित्य ठेवलं जातं अशी तक्रार आहे, तरी रविवारी समक्ष येऊन खुलासा करावा, नाहीतर खोली खाली करावी.

मी घाबरले नाही. माझा स्वभावच असा आहे की कुणी डोळे वटारले की मला जोर चढतो. शनिवारी मी केवडा मालेतली सगळ्यात जास्त फिरलेली कादंबरी घेऊन शहागंजला निजामुद्दीनकडे गेले. आमची सगळी पुस्तकं तोच बांधायचा. तिची शिवण उसवली होती आणि पंचांपुढे ती नीटनेटकी न्यायची होती.

निजामुद्दीननं पानं मोकळी केली, एकविसाव्या पानावर थांबला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हे उद्या पंचायतीत नेणार?"

"हो. का?"

"एक बात बोलूं? हा कोपरा कापू द्या. चारी बाजू बराबर करतो, कुनाला कळनार नाय."

"खुणा जातील ना मग."

"जाऊ द्या की. बाई, मर्दांच्या हातात हे पान नक्को देऊ. माझी आबेदा आहे यात, मला माहीत आहे. बाकीच्यांचे शौहर माझ्यासारखे नाहीत."

तो आबेदाचा नवरा. इतकी वर्षं त्याच्या हातून ती चंद्रकोर जात होती आणि तो गप्प होता. मला त्याचं कौतुक वाटलं, पण ऐकलं मी त्याचं नाही. त्या पानावर अडतीस खुणा होत्या. अडतीस घरांतल्या बायकांनी हे पुस्तक वाचलं होतं, आणि ही माझ्या सतरा वर्षांच्या पायपिटीची एकुलती एक पावती होती. मी म्हणाले, "कोपरा तसाच राहू दे." त्यानं मान हलवली आणि सुईत दोरा ओवला.

रविवारी देवळाच्या ओसरीवर पाच पंच बसले होते. नानासाहेब मध्ये. मऊ बोलणारा माणूस, पांढरंशुभ्र धोतर, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या काळात, गावाकडे जहागिरीचा रुबाब होता, नंतर ते शहरात आले आणि देवळापासून शाळेपर्यंत सगळ्या कमिट्यांवर बसले. मी त्यांच्या घरी जात होते. त्यांची सून, मुलगा बद्रीनाथची बायको सरू, सातवी शिकलेली होती, तिला धार्मिक पुस्तकं द्यायची त्यांनीच मला परवानगी दिली होती.

"बोला बाई," ते म्हणाले. "आम्हाला ऐकून घ्यायचंय."

मी बोलले, आणि चांगलं बोलले. आज इतक्या वर्षांनीसुद्धा त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. मी म्हणाले, भुताची गोष्ट वाचून अंगावर काटा आला की आपण लेखकाची पाठ थोपटतो. विनोदी पुस्तकानं हसवलं तर तीच तारीफ. रडवणारी कादंबरी तर डोळे पुसत पुसत शेजारणीला देतो. मग शृंगाराच्या कादंबरीनं अंग शहारलं तर ती घाण कशी? ज्यासाठी लिहिली ते काम तिनं केलं. बाकी रस चालतात आणि हा एकच रस देवळाबाहेर, असं का?

"त्यात साहित्य काय असतं पण?" आप्पासाहेब वकिलांनी विचारलं.

"कधी असतं, कधी नसतं. इतर पुस्तकांसारखंच. दहा आल्या तर सहा मी स्वतः परत पाठवते, वकीलसाहेब. एकीत नायक नायिकेला थोबाडीत देतो आणि मग जवळ घेतो, आणि ती विरघळते. ती मी त्याच दिवशी रद्दीत घातली. चांगलं कोणतं, भिकार कोणतं हे निवडता येतं ना, मग हा लिखाणाचा प्रकारच आहे. घाणीत कुणी निवड करत नाही."

दोन पंच हसले. एक जण तर म्हणाला, "बाईंचं बरोबर हाय राव." मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात आप्पासाहेब म्हणाले, "ते सगळं ठीक. पण वाचतं कोण हे? चांगल्या घरच्या बायका थोड्याच वाचतात. बाजारातल्या वाचत असतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पिशवीतून कादंबरी काढली, एकविसावं पान उघडलं आणि ओसरीवर त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे बघा. एकेक खूण म्हणजे एकेक घर. अडतीस आहेत. गुलमंडी, औरंगपुरा, राजाबाजार. एकही बाजारातली नाही. तुमच्याच आळ्यांतल्या लेकी-सुना आहेत."

पंच वाकून बघू लागले. कुणी बोट फिरवलं, कुणी मोजलं. हसणारे दोन्ही पंच हसायचे थांबले. नानासाहेबांनी पुस्तक उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं. मग मिटलं.

"बाई, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "खोली राहू द्या. हे पुस्तक मात्र मी चार दिवस नेतो. वाचल्याशिवाय बोलू नये माणसानं."

देवळाची पायरी उतरताना माझे पाय हलके होते. वेशीपर्यंत आले तेव्हा मला आठवलं की त्या कोपऱ्यात, टिकलीच्या शेजारी, एक बारीक त्रिशूळ होता आणि त्याच्याखाली तीन ठिपके. 

ते चिन्ह नानासाहेबांच्या घरच्या भांड्यांवर होतं. लग्नकार्यात भांडी एकमेकांकडे जातात, मिसळतात, म्हणून प्रत्येक घराणं तांबटाकडून आपली खूण ठोकून घेई. नावं कोरायची पद्धत नंतरची, अक्षरं येणारे होतेच किती! त्रिशूळ आणि तीन ठिपके हे त्यांच्या घागरींवर, पातेल्यांवर, पितळी डब्यांवर सगळीकडे होतं. राजाबाजारात पोरासोरांनाही ते ओळखू येई.

ती खूण करणारी बाई म्हणजे नानासाहेबांची बायको, मनकर्णाबाई.

त्रेपन्न साली मी प्रौढ बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायची. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, त्यातून मुलींना कोण धाडतो, त्यामुळं पस्तिशीच्या बायका पाटी घेऊन बसायच्या. मनकर्णाबाई भजनाला जाते सांगून यायच्या. पहिल्या दिवशी हजेरीत नाव लिहिता येईना, तर त्यांनी घरच्या भांड्यांवरची खूण काढली, आणि पुढं पुस्तकातही तीच चालू ठेवली. मुळाक्षरं त्यांना मी शिकवली, पण वाचायला शिकवलं केवडा मालेनं. अंकलिपी वाचायला कुणाचं मन लागतं? पुढं काय होतंय या ओढीनं त्या जोडाक्षरं ओलांडत गेल्या. सरूची पोथी द्यायला म्हणून मी तेव्हा त्या घरी जात होते, आणि तिच्या आधीची चौदा वर्षं वाती-फुलवाती द्यायला जात होते. केवडा मालेचं पुस्तक मात्र कोठीच्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागं जायचं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नानासाहेबांच्या लेखी त्यांची बायको अंगठेबहाद्दर होती.

म्हणजे त्यांच्या हिशेबानं घरात वाचता येणारी बाई एकच होती, आणि ती सरू.

मंगळवारी दुपारी मी राजाबाजारात गेले. दार नानासाहेबांनी उघडलं. दुपारचे ते कधीच घरी नसत. झोपाळ्यावर माझं पुस्तक पालथं पडलेलं होतं, अर्ध्याहून जास्त वाचून झालेलं.

"या बाई. सरूला बरं नाही, आज पुस्तक नको." ते झोपाळ्यावर बसले आणि पायानं हळूहळू झोका देऊ लागले. "एकच विचारायचं होतं. ही आमच्या घरची खूण कुणी केली?"

"मी वाचकांची नावं सांगत नाही, नानासाहेब."

"नका सांगू. चांगली सवय आहे. घरात वाचणारी एकच आहे, मला विचारायची गरजच नव्हती."

मी म्हणाले, "सरूनं हे पुस्तक पाहिलेलंसुद्धा नाही. शपथ घेते."

"मग दुसरं कोण? भांडी वाचतात का?" ते हसले. "रविवारी तिचा बाप येतोय फर्दापूरहून. चार माणसं बसतील. तुम्हीपण या. पुस्तक तुमचं आहे, साक्ष तुमची लागेल."

स्वयंपाकघराच्या दारात मनकर्णाबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावर, हातात ताट. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आतल्या एका खोलीतून सरूच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि बाहेरून त्या खोलीला कडी होती.

मला रविवारपर्यंत झोप अशी लागली नाही. नानासाहेबांना पुस्तकाची चीड आली असती तर मी समजू शकले असते. पण त्यांना चीड आलेलीच नव्हती. ते खुशीत होते, आणि त्याचंच मला भय वाटत होतं.

त्याचं कारण गुरुवारी कळलं. मनकर्णाबाई सोमवारी खडकेश्वराच्या देवळात येत, त्या सोमवारी आल्या नव्हत्या. गुरुवारी त्याच देवळाच्या मागच्या बाजूला मला त्या दिसल्या, माझीच वाट बघत असल्यासारख्या. मी जवळ गेले आणि दम न खाता बोलले, "तुम्ही सांगा ना त्यांना. नाहीतर मला सांगू द्या."

"हळू बोला." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "तुम्हाला काय वाटतं, हे पुस्तकापायी चाललंय? चितेगावात पोरगी बघून ठेवलीय बद्रीसाठी. दोन महिने झाले. सरूला तीन वरसांत लेकरू नाय. पण सरकारी कायदा हाय, पैली असताना दुसरी करता येत नाय, आन् बद्रीची सरकारी नोकरी. फारकत पाहिजे, आन् ती सरूनं आपल्या सहीनं द्यायला पाहिजे. तिनं कशाला दिली असती? आता कारण गावलं."

"तुम्हाला कसं कळलं चितेगावचं?"

"पत्र वाचलं. कपाटात राहतं समदं. माझ्यापुढं उघडं टाकतात, कारण मी अनाडी."

 त्या पुढं म्हणाल्या, "सतरा वरसं बाई. कुठल्या कागदावर माझा अंगठा घेतला, कुणाची जमीन कशी फिरवली, कुणाला काय लिहिलं, समदं वाचलंय मी. मला वाचता येतं हे त्यांना कळलं, तर ते काय करतील याचा इचार केलाय का तुम्ही?"

"आणि सरूचं?"

त्यांनी पिंडीला लांबून हात जोडले आणि निघून गेल्या. मी त्यांच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे बघत राहिले आणि मला त्यांचा राग आला. लगेच स्वतःचा जास्त आला. त्या बाईनं सतरा वर्षं जपून ठेवलेली गोष्ट मी एका वकिलाच्या टोमण्यापायी ओसरीवर उघडी करून ठेवली होती. निजामुद्दीननं कोपरा कापू द्या म्हणून सांगितलं होतं. मी ठरवलं की रविवारी मीच सांगायचं. एकीचं घर वाचवायला दुसरीचं गुपित फोडणं हे पाप असेल तर असो, सरू बावीस वर्षांची होती.

रविवारी सकाळी दहाला मी गेले. बैठकीत सतरंजी अंथरली होती. नानासाहेबांचे दोन चुलतभाऊ, आप्पासाहेब वकील, भिंतीला टेकून मान खाली घातलेला बद्रीनाथ. सरूचे वडील पुंजाराम दाराजवळ बसले होते, मध्ये मोकळी जागा असूनही सतरंजीच्या कडेला. ते अजिंठ्याच्या लेण्यांत पाहुण्यांना आरशानं उजेड पाडून चित्रं दाखवत. टोपी काढून त्यांनी मांडीवर धरली होती.

सरूला बाहेर आणलं. डोळे सुजलेले. तिनं बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा, मी नाय वाचलं. देवाच्यान नाय वाचलं."

"खूण घरची हाय, पोरी," एक चुलतभाऊ म्हणाला. "ती काय आभाळातून पडली?"

आप्पासाहेबांनी कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की मी, सरूबाई, सासरच्या परवानगीशिवाय अश्लील पुस्तकं वाचत होते, त्यामुळं घराण्याच्या अब्रूला बाधा आली, हे मला मान्य आहे, आणि मी राजीखुशीनं नवऱ्यापासून वेगळी होत आहे. शब्द गुळगुळीत होते. राजीखुशीनं हा शब्द तर दोनदा होता.

"सही कर, बाई," नानासाहेब सरूला म्हणाले. आवाज मायेचा होता. "नाहीतर हे पुस्तक मला फर्दापूरला चावडीवर वाचायला लावावं लागेल. तुझ्या बापाला तिथं राहायचंय, दोन पोरी उजवायच्यात अजून."

पुंजारामांनी मान वर केली आणि परत खाली घातली. "कर पोरी," ते म्हणाले. "चल घरी."

सरूनं पेन घेतलं. मी उठून उभी राहिले.

"थांबा. ती खूण सरूची नाही. मी शपथेवर सांगते."

"मग कुणाची?" नानासाहेबांनी विचारलं. ते माझ्याकडे टक लावून बघत होते आणि मला त्या क्षणी जाणवलं की ते मजेत आहेत, मी काही सांगितलं तरी ते हसण्यावारी नेणार आहेत. मी तोंड उघडलं, पण मला नाव उच्चारता येईना. 

"माझी हाय."

मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात पिठाचे होते, ते त्यांनी पदराला पुसले.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग चुलतभाऊ हसला. नानासाहेबही हसले. "आत जा. सुनेची माया कळते आम्हाला. पण खोटंसुद्धा जरा पटेल असं बोलावं. तुला वाचता कुठं येतं?"

"येतं."

"येतं?" त्यांनी झोपाळ्यावरचं पुस्तक उचललं आणि मधलं एक पान उघडलं. पान बघून त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी निवडून काढलेलं पान होतं ते. "घे. वाच. सगळ्यांसमोर वाच. भाऊ बसलेत, व्याही बसलेत. वाच बघू."

मला वाटलं, आता त्या मागं हटतील. कुणीही हटलं असतं. पन्नाशी उलटलेली बाई, दिरांसमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी. त्यांनी पुस्तक घेतलं, उजेडासाठी खिडकीशी गेल्या, आणि मी शिकवलं होतं तसं अक्षराखाली बोट धरलं.

"रेवतीनं दिवा मालवू दिला नाही," त्या वाचू लागल्या. आवाज कापत होता, पण शब्द सुटे आणि स्पष्ट येत होते. "ती म्हणाली, अंधारात मला कळत नाही तुम्ही कोण आणि मी कोण. असू द्या उजेड. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. तुला काय हवंय, त्यानं विचारलं. रेवतीला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिला उत्तर सुचेना. मग तिनं त्याचा हात धरला आणि तिला जिथं हवा होता तिथं नेला. चोळीची गाठ तिनं स्वतः सोडली. घाई करू नका, ती म्हणाली, आणि त्यानं केली नाही."

बैठकीत कुणी हालत नव्हतं. चुलतभाऊ सतरंजीकडे बघत होते. बद्रीनाथ मात्र आईकडे बघत होता, पहिल्यांदाच बघतोय असा.

"पुरे," नानासाहेब म्हणाले.

मनकर्णाबाईंनी पान उलटलं. "तिचा श्वास त्याच्या मानेवर..."

"पुरे म्हणलं ना!" त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

मनकर्णाबाईंनी पुस्तक मिटलं. आता त्यांचा आवाज कापत नव्हता. "वकीलसाहेब, त्या कागदातलं सरूचं नाव खोडा आन् माझं घाला. वाचलंय मी. एक नाय, लई वाचलेत. आन् मला आवडले. फारकत माझ्याकडून घ्या."

आप्पासाहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.  पुंजाराम उठले, सरूच्या हातातलं पेन काढून त्यांनी खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

नानासाहेब बायकोकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. ते म्हणाले, "किती वर्षं येतंय वाचायला?"

"सतरा."

त्यांची नजर कोपऱ्यातल्या लाकडी कपाटावर गेली.

"समदं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

ते झोपाळ्यावर बसले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मंडळी, आता या."

आम्ही उठलो. दारापर्यंत मनकर्णाबाई माझ्याबरोबर आल्या. "सरू आठ दिवस बापासंगं जाईल," त्या म्हणाल्या. "मग माघारी येईल, तिचंच घर हाय. तुम्ही उद्या बाराला या. दार म्या उघडलं नाय तर कुनाला इचारत बसू नका. सरळ चौकीत जा." त्यांनी दार लावलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी बाराच्या आधीच गेले. कडी वाजवली. पुन्हा वाजवली. माझे पाय चौकीकडे वळणार तेवढ्यात दार उघडलं.

त्याच होत्या. डावा डोळा सुजून मिटला होता आणि गालावर काळानिळा वळ होता. एका हातानं त्या दाराला धरून उभ्या होत्या. मला रडू आलं. मी म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे सगळं. मला माफ करा."

"पुस्तकापायी नाय मारलं," त्या म्हणाल्या. "त्याचं एक अक्षर काढलं नाय त्यांनी. रात्री एक कागद पुढं केला, अंगठा कर म्हणले. मी म्हणलं, आधी वाचते."

आत झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज येत होता. नानासाहेब घरातच होते आणि आमचं बोलणं ऐकत होते.

"मग?" मी विचारलं. "केला अंगठा?"

"नाय," त्या म्हणाल्या.